ओळखीतल्या एका बाईचा मुलगा

डब्लिन, ओहायो
१८ जानेवारी

कांचनवहिनी,

दादाची अट मान्य. या विषयावर फोन नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, लिहायचंच असेल तर कागदावर लिहून पोस्टात टाकायचं. तू हे कळवलंस तेव्हा मी प्रल्हादला म्हटलं, माझा सख्खा भाऊ वयाच्या बासष्टाव्या वर्षी लाजायला लागला. गांजा खायला लाज नाही वाटत, त्याबद्दल फोनवर बोलायला मात्र वाटते!

रागावू नकोस. तुम्ही त्याला ‘गोळी’ म्हणता, ‘गमी’ म्हणता. मी गांजा म्हणते, कारण सांगलीत आपल्या गल्लीच्या टोकाला तो ओढत बसणाऱ्यांना सगळे तेच म्हणायचे आणि आई आम्हाला हात धरून पलीकडच्या बाजूने न्यायची. इथे त्याचंच दुकान झालंय, काचेचं, मिठाईच्या दुकानासारखं. आमच्या राज्यात लोकांनी मत देऊन ते आणलं. आता तो कायदा मागे घ्यावा म्हणून अर्ज फिरतोय, आणि त्या कामात मी आहे. कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय.

काल घरी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून स्टीलच्या छोट्या डब्या दिल्या आणि वाणाच्या परातीशेजारी सह्यांचा कागद ठेवला. बायका कुंकू लावून घेत होत्या, तिळगूळ घेत होत्या आणि सही करत होत्या. काहींनी विचारलंसुद्धा नाही कशावर सही करतोय. मी खूश! आज सकाळी मोहिमेच्या बाई कागद न्यायला आल्या. त्यांनी एकेक नाव मतदारयादीशी ताडून पाहिलं आणि जवळजवळ सगळी खोडली. फक्त मतदाराची सही चालते म्हणे. आमच्या हळदीकुंकवाला सगळ्या व्हिसावाल्या, मतदार कुठून आणणार? मी स्वतःच तर मतदार नाही. बाई पोट धरधरून हसल्या. मग म्हणाल्या, सुलेखा, तुला सही करता येत नसली तरी बोलता येतं. विधानभवनात सुनावणी आहे, तिथे कोणीही बोलू शकतं.

आमचा शार्दूल बरा आहे. औषधाने झोपतो खूप, पण जेवतो. कॉलेजने आजारपणाची सुट्टी दिलीय. मराठी मंडळात सगळ्यांना मी अजून व्हायरल ताप लांबला असंच सांगते. मला आता त्याचा कंटाळा आलाय.

दादाच्या नागरिकत्वाच्या शपथविधीची तारीख अजून कशी नाही आली? मी साडी काढून ठेवलीय. आणि एप्रिलमध्ये आईची नव्वदी आहे. तिकिटं महाग व्हायच्या आत काढा.

सुलेखा

*

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
२७ जानेवारी

प्रिय सुलेखा,

हळदीकुंकवाला सह्या! अगं बाई, पुढच्या वर्षी डोहाळेजेवणात निवडणूक घे. मी अरुणला वाचून दाखवलं तर तो हसला. इतका हसला की त्याला कमरेत कळ आली आणि मग मी शेकायची पिशवी आणली.

तू सरळ लिहितेस, मीही सरळ लिहिते. कॅन्सर त्याच्या हाडांत गेला तेव्हा डॉक्टरांनी दुखण्याच्या ज्या गोळ्या दिल्या, त्यांनी तो दिवसदिवस भ्रमिष्टासारखा बसायचा. मला एकदा ‘आई’ म्हणाला. खाल्लेलं पोटात ठरेना. तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या एकाने ही गमी सांगितली. लिंबाच्या चवीची, अर्धी. मीच दुकानात गेले. दारावरच्या पोराने माझे पांढरे केस बघूनसुद्धा वयाचा पुरावा मागितला, आता बोल! त्या रात्री अरुण वरणभात मागून जेवला आणि सकाळपर्यंत झोपला. मी उठून दोनदा श्वास चालू आहे ना ते बघून आले. झोपलेला माणूस बघायची सवयच गेली होती मला.

तुझ्या मोहिमेतल्या बायका म्हणतील, आजाऱ्यांनी डॉक्टरचा कागद आणावा, बाकीच्यांचं दुकान बंद करा. पण दुकान बंद केल्याने पोरांना मिळायचं थांबतं का? मग ते गल्लीच्या टोकालाच मिळेल, तुझ्या सांगलीसारखं, आणि आत काय मिसळलंय ते कुणालाच कळणार नाही. शार्दूलचं झालं तेव्हापासून मी रोज देवापाशी दिवा लावते. तरीही एका मुलाला सोसलं नाही म्हणून सगळ्यांना बंदी, हे मला पटत नाही. तुला दुखवायला लिहीत नाही. न लिहिणं खोटेपणाचं झालं असतं.

शपथविधी पुढे गेलाय. तारीख आली की कळवीन. सांगलीचं अजून काही ठरत नाही. त्याला एवढा प्रवास झेपेल असं वाटत नाही.

शार्दूलला मामीचे आशीर्वाद. त्याला आवडते ती लसणाची चटणी पाठवतेय.

कांचन

*

डब्लिन
५ फेब्रुवारी

वहिनी,

चटणी पोचली. पत्रही पोचलं, आणि ते चटणीपेक्षा जास्त झोंबलं.

‘एका मुलाला सोसलं नाही.’ किती सहज लिहिलंस! काय सोसलं नाही ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही, कारण फोनवर कोण ना कोण घरात असायचं. आता ऐक.

सप्टेंबरात एका दुपारी कामावरून आले तर घरातली सगळी उपकरणं प्लगमधून उपटलेली. फ्रिज उघडा, दूध नासलेलं. धाकट्या केयाचा फोन पातेल्यात, पाण्याखाली. शार्दूल स्वयंपाकघरात जमिनीवर, कानांवर हात. मी नाव घेऊन हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘यू आर नॉट माय मदर. तू तिचा आवाज काढून बोलतेयस.’ मी जवळ गेले तर भिंतीला असा चिकटला की मी थांबले. पोराला आईची भीती वाटली, वहिनी. माझी. केयाने शेजारून ॲम्ब्युलन्सला फोन केला. हॉस्पिटलात त्यांनी सांगितलं, रोज ओढायचा ती गांजाची तीव्र जातीची वाफ, आणि ती त्याच्या डोक्याला चढली. यातून काही मुलं पूर्ण बाहेर येतात, काही येत नाहीत. आपला कुठल्यातला ते आणखी वर्षभराने कळेल.

आणि हे सगळं त्याने गल्लीच्या टोकाला चोरून नाही घेतलं. एकविसावं पूर्ण झालं त्या आठवड्यात, मित्रांबरोबर, त्या काचेच्या दुकानातून, पावती घेऊन. मला म्हणाला होता, आई, इट्स लीगल. जे कायद्याने दुकानात मांडलंय ते एवढं वाईट नसणार, असं मलाही वाटलं. म्हणून मी गप्प बसले. तो कायदा मला परत घ्यायला लावायचाय. एवढंच.

आता चांगली बातमी. सुनावणी ११ मार्चला आहे. मी बोलणार होते, पण शार्दूल स्वतःहून म्हणाला, मी बोलतो. त्याने इंग्रजीत लिहून काढलंय आणि आरशासमोर उभा राहून वाचतो. आजारी पडल्यापासून त्याने पहिल्यांदा काहीतरी करायचं ठरवलंय. नाव घेऊन, चेहरा दाखवून. ते सगळं इंटरनेटवर दिसतं, तूही बघ. मंडळातल्या बायकाही बघू देत. तो व्हायरल ताप संपला एकदाचा.

दादाच्या प्रवासाबद्दल. गेल्या महिन्यात तू सांगितलंस की तो पोर्टलंडपर्यंत गाडीने जाऊन आला. डॉक्टरांनी विमानाला हो म्हटल्याचंही तूच सांगितलंस. मग सांगलीच झेपत नाही का? आई रोज विचारते, अरुण कधी येतोय. मी काय सांगू? वहिनी, तू त्याला अडवतेयस असं मला वाटतं. चूक असेन तर सांग.

सुलेखा

*

बेलव्ह्यू
१४ फेब्रुवारी

सुलेखा,

तुझं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्वयंपाकघरातलं वाचून नव्हे. म्हणजे त्यानेही, ते वाचताना मी दोनदा थांबले. ‘सोसलं नाही’ हा शब्द मी परत घेते. पण आता दुसरंच सांगायचंय आणि ते नीट ऐक.

शार्दूलला बोलू देऊ नकोस.

मी कायद्यावर तुझ्याशी वाद घालत नाहीये. तू जा, बंदी माग, टेबल आपट, मला काही म्हणायचं नाही. पण त्याने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने, कॅमेऱ्यासमोर ‘मी घेतलं’ असं म्हणायचं नाही. तूही ‘माझा मुलगा’ म्हणायचं नाही. का, ते मला लिहिता येत नाही. मी इथे कुणाला तरी शब्द दिलाय आणि तो माणूस हाच एक शब्द धरून बसलाय. मी रोज त्याच्या मागे लागलेय.

तोवर एखाद्या इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. प्लीज. केया इथे जन्मली, तिच्या केसाला धक्का लागणार नाही. शार्दूलचं तसं नाही. तो तिसऱ्या वर्षी आला असला तरी या देशाच्या हिशेबात पाहुणाच आहे.

दादाला मी अडवत नाही. एवढं तरी खरं मान.

कांचन

*

डब्लिन
२२ फेब्रुवारी

वहिनी,

वा. आधी म्हणालीस बंदी पटत नाही. ते चाललं नाही, तर आता वकिलाची भीती घालतेस, आणि कारण विचारू नको म्हणतेस!

मी लहान मूल आहे का? माझ्या मुलाने कायद्याने उघडलेल्या दुकानातून, कायद्याने ठरवलेल्या वयात विकत घेतलं. चोरी नाही केली. खरं बोलणाऱ्याला कोण काय करणार आहे? आपल्या घरात आपण एवढंच शिकलो ना, दादाही हेच सांगायचा, की विचारलं तर खरं सांगायचं. आणि तुझ्याकडून येतंय ते काय? गप्प बस, नाव घेऊ नको, चेहरा दाखवू नको. मंडळातल्या बायकांनाही हेच आवडेल. फरक एवढाच की त्यांना लाज वाटते आणि तुला तुझं दुकान चालू राहायला हवंय.

माझ्या पोराचा आवाज बंद करून तुला झोप लागेल? लागेल, दादाच्या गोळीतली अर्धी तूही घे.

हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही. ११ मार्च होईपर्यंत फोन करू नकोस. मी तुझा नंबर बंद केलाय.

सुलेखा

*

बेलव्ह्यू
९ मार्च

सुलेखा,

हे कुरिअरने पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल. प्रल्हादला फोन लावला तर तो म्हणाला, सुलेखा घरात नाव काढू देत नाही. फोनवर सगळं बोलता येत नव्हतं म्हणून त्याला एवढंच सांगितलं की तिला पत्र वाचायला लाव. तो हो म्हणाला, पण तुझ्यासमोर प्रल्हादचं किती चालतं ते मला ठाऊक आहे. तर आता तूच वाच, आणि पूर्ण वाच.

काल अरुणने मला शब्दातून मोकळं केलं. तुझं बावीस तारखेचं पत्र मी त्याच्या पुढ्यात ठेवलं. ‘दादाही हेच सांगायचा’ या ओळीवर तो थांबला. मग म्हणाला, सांग तिला.

शपथविधी पुढे गेलेला नाही. शपथविधी होणारच नाहीये.

नागरिकत्वाची मुलाखत नोव्हेंबरात झाली. इतकी वर्षं भारताचा पासपोर्ट सोडवत नव्हता म्हणून त्याने अर्ज केला नव्हता. मी केव्हाच शपथ घेतली, तो ग्रीनकार्डावरच राहिला. आजारपणानंतर माझ्यासाठी म्हणून अर्ज केला. नवा सूट शिवून घेतला. उत्तरं पाठ केली, मला रोज प्रश्न विचारायला लावायचा. मुलाखतीत एक प्रश्न असतो, बेकायदा अमली पदार्थ कधी घेतलेत का. सगळे नाही म्हणतात आणि पुढे जातात. तुझा दादा म्हणाला, ‘बेकायदा कधीच नाही. आमच्या राज्यात कायदेशीर आहे ते घेतो, दुकानातून.’ आणि खिशातून त्या दुकानाचं पॉइंट्सचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं! पुरावा म्हणून! ती अधिकारी मुलगी आपल्या शार्दूलहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिने पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, सर, हे मी लिहून घेऊ का? नक्की? तुझा दादा म्हणाला, अर्थात. खरं आहे ते.

मी बाहेर पार्किंगमध्ये पेढ्यांचा डबा घेऊन गाडीत बसले होते. तो आला तेव्हा खुशीत होता, मुलाखत छान झाली म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

अर्ज फेटाळला. राज्याने काहीही कायदा केला तरी देशाच्या कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि नागरिक नसलेल्या माणसाने तो तोंडाने कबूल केला की तेवढं पुरतं. दुकानाच्या दारात एक कायदा, विमानतळाच्या दारात दुसरा. आमची वकील चैत्राली, इथेच वाढलेली मराठी मुलगी, तिने अरुणला सांगितलंय की देशाबाहेर पाऊल टाकू नका. गेलात तर परत आत घेतीलच असं नाही. त्याचे उपचार इथे, मी इथे. म्हणून सांगली नाही. मी अडवत नव्हते गं. आणि फोनवर लिहायचं नाही, कारण विमानतळावर फोन उघडून बघतात. लाजबिज काही नव्हती.

आणखी एक. मी लिहिलं होतं, गोळीने तो झोपला. नोव्हेंबरपर्यंत झोपायचा. चैत्राली म्हणाली यापुढे अजिबात नको, त्या दिवसापासून त्याने गोळीला हात लावलेला नाही. हल्ली तो पहाटेपर्यंत घरात फेऱ्या मारतो. त्याने मला शपथ घातली होती की यातलं तुला आणि आईला काही कळता कामा नये. जन्मात सिग्नल न तोडलेला माणूस, त्याची मान खाली गेलीय.

मी चैत्रालीला नाव न घेता शार्दूलचं विचारलं. ती म्हणाली, विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने कॅमेऱ्यासमोर हे कबूल केलं, तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर तीच चित्रफीत त्याच्या आधी पोचलेली असेल. शिक्षण, नोकरी, ग्रीनकार्ड, कुठलीही खिडकी. आईने नाव घेऊन सांगितलं तरी माग लागायला वेळ लागत नाही. तुझ्या मुलाला परत पाठवलं तर तो कुठे जाईल, सुलेखा? त्याला सांगली म्हणजे आजीचा व्हिडिओ कॉल, एवढंच माहिती. आणि या अवस्थेत, डॉक्टरांपासून दूर?

मला शिव्या दे, कायदा बदल, दुकानाला टाळं लाव. पण त्याला उभं करू नकोस.

कांचन

*

डब्लिन
१२ मार्च

वहिनी,

पाकीट मंगळवारी दुपारी आलं. तुझं अक्षर बघितलं आणि न उघडता पर्समध्ये कोंबलं. प्रल्हाद दोनदा म्हणाला वाच, मी दोनदा त्याच्यावर खेकसले. अशी मी.

काल विधानभवनात दालनाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं नंबरची वाट बघत बसलो होतो. शार्दूलने निळा शर्ट स्वतः इस्त्री केला होता. मांडीवर त्याचा कागद, ओठ हलत होते. मला नुसतं बसवेना. काहीतरी करायचं म्हणून तुझं पाकीट फोडलं.

दादाने ते कार्ड टेबलावर ठेवलं तिथवर आले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. शार्दूल डोकावून म्हणाला, ‘मामी काय लिहिते? यू लुक सिक.’ मी मंडळाच्या शाळेत लोकांच्या मुलांना बाराखडी शिकवते आणि माझ्या मुलाला देवनागरी येत नाही. तो त्याच कागदाकडे बघत होता, ज्यावर त्याचं सगळं लिहिलेलं होतं. मी त्याला जिन्यापाशी नेलं आणि सांगितलं.

आधी त्याला खोटं वाटलं. मग चेहरा लाल झाला. म्हणाला, ‘आई, एव्हरीबडी इन देअर इज सेइंग देअर ओन नेम.’ मी म्हटलं, हो राजा, ते त्यांच्या देशात बोलतायत. ‘इट्स माय कंट्री टू!’ तो इतक्या मोठ्याने म्हणाला की शिपाई वळून बघायला लागला. मला त्याची भीती वाटली, पुन्हा तसं काही होतंय की काय. तर तो जिन्याच्या पायरीवर बसला. कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि माझ्या हातात दिली. मी टेबलावरच्या मुलीला सांगून त्याचं नाव खोडून माझं लिहायला लावलं.

तो म्हणाला मी जाऊन गाडीत बसतो. नंतर बघितलं तर मागच्या रांगेत येऊन बसला होता.

माझ्या आधी एक माजी सैनिक बोलला, पायाने अधू. म्हणाला, दुकान उघडल्यापासून मी झोपतो, दारू सुटली, ते बंद करू नका. आठवड्याभरापूर्वी मी त्याच्याकडे बघितलंही नसतं. काल त्याच्या जागी मला दादा दिसत होता, फेऱ्या मारणारा. मग माझं नाव पुकारलं.

माइकपाशी गेले. पुढ्यात समिती, मध्ये कॅमेरा, त्यावर लाल दिवा. जानेवारीपासून मी घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ‘माय’ एवढं निघूनही गेलं. तिथेच थांबले. सगळे बघत होते. मग म्हटलं, माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिचा मुलगा.

सगळं सांगितलं. फ्रिज, पातेल्यातला फोन, कानांवर हात. तो तिला म्हणाला तू माझी आई नाहीस, तेही सांगितलं. मागे वळून बघितलं नाही. मी सप्टेंबरपासून त्या व्हायरल तापाला कंटाळले होते, आता उघड बोलायचं म्हणून तिथवर गेले, आणि सगळ्या राज्यासमोर त्याला दुसऱ्या बाईचा करून टाकला. मंडळातल्या बायकांना तर मी फक्त थाप मारली होती.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, बाई, ऐकीव गोष्टीवर कायदा बदलता येत नाही, ते कुटुंब स्वतः का आलं नाही? मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. ‘आर दे अशेम्ड ऑफ हिम?’ असं त्यांनी विचारलं.

वहिनी, तेवढ्या एका उत्तरासाठी मी खरं बोलले. म्हटलं, ‘नो सर. शी इज व्हेरी प्राउड ऑफ हिम.’

त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. समिती काय ठरवेल देव जाणे. मोहिमेच्या बाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मुलगा बोलणार असं त्यांनी पत्रकारांना सांगून ठेवलं होतं, आणि मला त्यांना कारणही सांगता येईना.

माझं मत बदललेलं नाही, हे तुला आत्ताच सांगते. ती दुकानं मला बंद व्हायला हवीत. तू त्यांच्या बाजूने बोल, मी विरुद्ध बोलेन, आपण भांडू. फक्त तुझ्या-माझ्या घरातली ही दोन माणसं त्यात सापडायला नकोत. गोळीवरून तुला जे लिहिलं ते वाक्य आता मी खोडलं असं समज. माफ कर गं.

सांगलीला मी, प्रल्हाद आणि केया जातोय. आईला सांगेन की डॉक्टरांनी दादाला प्रवासाला नाही म्हटलं. तोही तापच, चालेल. त्या दोन आठवड्यांत शार्दूलला तुमच्याकडे पाठवू का? दादाला देशाबाहेर जाता येत नाही, आणि शार्दूललाही मी आता कुठल्या व्हिसाच्या खिडकीपुढे उभा करणार नाही. पहाटे दादा फेऱ्या मारेल तेव्हा शार्दूल जागाच असतो, सोबत होईल. दादाला सांग, तो सूट घालून व्हिडिओवर ये. आई विचारेल कशासाठी शिवला, तर म्हण तुझ्या नव्वदीसाठी.

परत येताना शार्दूल गाडीत बसला, सीटबेल्ट लावला आणि काच खाली केली. गाडी दारात लागली तरी तो उतरेना. समोर बघत म्हणाला,

‘आई, दॅट वुमन यू नो. टेल हर, हर सन इज डुइंग ओके.’

मी सांगते म्हटलं.

सुलेखा